हलत नाही म्हणजे कळत नाही, असं नाही

पुण्यात नुकतंच मेंदू आणि जाणीव या विषयावर एक पब्लिक लेक्चर ऐकलं आणि त्यातला एक भाग तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. हॉल भरलेला, पायऱ्यांवर कॉलेजची पोरं, पुढच्या रांगांत वह्या घेऊन बसलेली रिटायर्ड मंडळी, आणि बोलणाऱ्या मॅडम न्यूरोलॉजिस्ट, आयसीयूतले पेशंट बघण्यात हयात गेलेली. जाणीव हा विषय निघाला की गाडी लगेच आत्मा-परमात्म्याकडे वळते, पण मॅडमनी सुरुवातीलाच एक साधा प्रश्न टाकला. समोर पलंगावर माणूस आहे, श्वास आपला आपण घेतोय, दिवसा डोळे उघडतो, रात्री मिटतो, पण हाक मारली तरी काही नाही, हात दाब म्हटलं तरी काही नाही. आत कुणी आहे का? आणि असेल तर आपल्याला कळणार कसं?

अशा अवस्थेला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. कोमा वेगळा, कोमात डोळे उघडतच नाहीत. इथे माणूस जागा दिसतो पण त्याला आजूबाजूचं भान आहे याची कुठलीच खूण बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षं डॉक्टरांचा नियम असा होता की सांगितलेलं ऐकून काहीतरी केलं तर भान आहे, नाही केलं तर नाही. आता यातली गोची बघा, मेंदूला मार बसलेल्या माणसाची हालचालीची वायरिंगच तुटली असेल तर तो ऐकून, समजूनसुद्धा काही करू शकणार नाही, आणि आपण लिहून मोकळे होणार की प्रतिसाद नाही.

२००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो प्रयोग केला तो मॅडमनी सावकाश, एकेक पायरी करून सांगितला, आणि हॉलमध्ये खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. २३ वर्षांची एक मुलगी, जुलै २००५ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात मेंदूला जबर मार, पाच महिने झाले तरी सगळ्या निकषांवर व्हेजिटेटिव्ह. तिला एफएमआरआय मशीनमध्ये ठेवलं. हे मशीन मेंदूच्या कुठल्या भागात रक्तपुरवठा वाढतोय ते दाखवतं, म्हणजे कुठला भाग कामाला लागलाय ते कळतं. मग हेडफोनवरून तिला सांगितलं, तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. तीस सेकंद. मग थांब. मग सांगितलं, तू तुझ्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतेयस अशी कल्पना कर. पुन्हा तीस सेकंद, पुन्हा थांब.

टेनिस का, तर त्यात हात जोरात फिरवायचा असतो, त्यामुळे नुसती कल्पना केली तरी मेंदूतला हालचालींची आखणी करणारा पट्टा पेटतो. घरातून फिरण्याची कल्पना केली की पूर्ण वेगळा भाग पेटतो, जागा आणि वाटा ओळखणारा. दोन्हींत गल्लत होण्याचा प्रश्नच नाही. आणि त्या मुलीच्या स्कॅनमध्ये टेनिसला टेनिसचा भाग, घराला घराचा भाग, अगदी निरोगी माणसांच्या स्कॅनसारखाच दिसला. पाच महिने जिच्याकडून कुणाला एक इशारा मिळाला नव्हता ती मुलगी सूचना ऐकत होती, लक्षात ठेवत होती आणि सांगितलं तसं करत होती.

अर्थात लगेच शंका निघाल्या आणि निघायलाच हव्यात. टेनिस हा शब्द कानावर पडला म्हणून मेंदू आपोआप उजळला असेल, त्यात भान कुठून आलं? पण शब्द ऐकून होणारी आपोआप प्रतिक्रिया काही सेकंदांत विरते, इथे मात्र थांब म्हणेपर्यंत, पूर्ण तीस सेकंद, काम चालू होतं. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण अर्धा मिनिट एकच कल्पना मनात धरून ठेवणं हे जागं असलेल्या माणसालाही मन लावूनच करावं लागतं.

पुढे २०१० मध्ये केंब्रिज आणि बेल्जियममधल्या लिएज इथल्या टीमने मिळून ५४ पेशंट तपासले, त्यातल्या पाच जणांना हे जमलं. आणि त्यातल्या एका तरुणाबरोबर ते आणखी पुढे गेले, त्याला सांगितलं की उत्तर हो असेल तर टेनिस, नाही असेल तर घर. मग विचारलं, तुझ्या वडिलांचं नाव अलेक्झांडर आहे का? असे सहा प्रश्न. पाचांची उत्तरं बरोबर आली, सहाव्याला मेंदूने काहीच दाखवलं नाही, कदाचित थकला असेल, कदाचित झोप लागली असेल. अपघाताला पाच वर्षं झालेला माणूस वडिलांचं नाव सांगत होता.

हे एकदोन अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सहा सेंटर्सचा मिळून अभ्यास आला. सांगितलेलं काहीही न करणारे २४१ पेशंट, त्यांना स्कॅनमध्ये किंवा ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे संकेत टिपतात त्यावर, अशीच कामं दिली, आणि ६० जणांच्या मेंदूने ती केली. चौघांत एक! पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मॅडमनी मुद्दाम थांबून सांगितला आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. जे पेशंट बाहेरून सूचना पाळताना स्पष्ट दिसत होते, म्हणजे ज्यांना भान आहे यात काही वादच नव्हता, असे ११२ जण होते, आणि त्यांच्यातल्या फक्त ४३ जणांच्या मेंदूचा प्रतिसाद या टेस्टमध्ये दिसला. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर माणूस आत आहे हे नक्की, पण निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. रिपोर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांना हे कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

मग साहजिक प्रश्न येतो की अशी टेस्ट नाही का करता येणार जिच्यात पेशंटला काही करावंच लागत नाही, ऐकूही नको, समजूही नको. त्यासाठी आधी बघायला लागतं की मेंदूत जाणीव नेमकी कशावर अवलंबून आहे. नुसत्या न्यूरॉनच्या संख्येवर तर नक्कीच नाही. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन असतात, त्यातले जवळजवळ ६,९०० कोटी मागच्या लहान मेंदूत म्हणजे शाळेत शिकलेल्या अनुमस्तिष्कात, आणि मोठ्या मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात फक्त १,६०० कोटी. तरीसुद्धा लहान मेंदूला इजा झाली तर चाल अडखळते, बोलणं जड होतं, पण भान शाबूत राहतं. २०१४ मध्ये चीनमधल्या २४ वर्षांच्या एका बाईची केस छापून आली होती, तिला जन्मापासून लहान मेंदू नव्हताच आणि ती चालत होती, बोलत होती, तिला चक्कर येते म्हणून ती दवाखान्यात आली तेव्हा हे कळलं. उलट मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू पाठीच्या कण्याला जोडणाऱ्या ब्रेनस्टेममध्ये, एखाद्या इवल्याशा जागी रक्तस्राव झाला तर माणूस कोमात जातो. लहान मेंदूत एकसारखी छोटी छोटी सर्किटं शेजारी शेजारी आपापलं काम करत बसतात, एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. मोठ्या मेंदूचा थर मात्र सतत एकमेकांशी, लांबलांबच्या भागांशी देवाणघेवाण करत असतो.

यावरूनच इटलीतल्या मिलानचे मार्चेल्लो मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी एक माप काढलं, पहिला मोठा पेपर २०१३ चा. डोक्यावर बाहेरून कॉइल धरून चुंबकाचा एक छोटा झटका मेंदूच्या एका जागी द्यायचा, आणि ईईजीने बघायचं की त्याचे पडसाद कुठेकुठे आणि कसे उमटतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी येणार नाही असा मेसेज टाकला तर कुणी टँकरचं विचारतं, कुणी सेक्रेटरीला धरतं, कुणी गावाला असल्याचं सांगतं, प्रत्येकाचं वेगळं पण एकमेकांच्या बोलण्याला धरून, जागा मेंदू तसा. गाढ झोपेत किंवा भूल दिलेली असताना एकतर शेजारचाच एखादा कुणी बोलतो, नाहीतर सगळे एकसाथ फक्त अंगठा दाखवतात. आणि हे मोजायचं कसं, तर आपण कॉम्प्युटरवर फाइल झिप करतो तसं त्या ईईजीच्या नोंदी झिप करून बघायच्या. एकसुरी असतील तर फाइल अगदी छोटी होते, वैविध्य असेल तर होत नाही. त्यावरून शून्य ते एक असा आकडा निघतो. २०१६ मध्ये त्यांनी १५० लोकांवर हे तपासलं, भान असताना आणि नसताना, आणि ०.३१ ही रेषा अशी सापडली की भान असलेले सगळे वर आणि नसलेले सगळे खाली. स्वप्नं पडतात त्या झोपेत आकडा वर असतो. केटामाइन हे भुलीचं औषध दिलेला माणूस बाहेरून निपचित पण आत रंगीबेरंगी स्वप्नं बघत असतो, तिथेही आकडा वरच. हालचाल आणि जाणीव या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

ऑपरेशनच्या भुलीवर मॅडम थोडक्यात बोलल्या. १९७७ मध्ये टनस्टॉल या भूलतज्ज्ञांनी भुलीत भान आहे का ते बघायला एक साधी युक्ती काढली होती, स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका हातावर पट्टा आवळायचा म्हणजे ते औषध त्या हातात पोचत नाही, आणि मग पेशंटला सांगायचं हात दाब. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २६० पैकी १२ जणांनी हात दाबला. नंतर त्यातल्या एकालाही काही आठवत नव्हतं. ऑपरेशन समोर आहे त्यांनी हे वाचून घाबरू नका, ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भुलीत जाग आल्याचं स्वतःहून सांगणारे सुमारे १९,००० मध्ये एक इतकेच निघाले.

आता मेंदूतल्या पेशींमधून अनुभव मुळात का निर्माण होतो, हा मोठा प्रश्न तसाच आहे. क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल, आणि जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टेजवर येऊन त्यांनी हार मानली, वाइनची पेटी दिली. जाणिवेच्या दोन मुख्य सिद्धांतांची समोरासमोर कसोटी घेणारा २५६ जणांवरचा प्रयोग २०२५ मध्ये नेचरमध्ये आला, त्यातही दोघांनाही चटके बसले. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. ताप म्हणजे काय हे पुरतं कळायच्या आधी थर्मामीटर आला होताच, आणि पलंगावरचा माणूस सिद्धांत पूर्ण होईपर्यंत थांबू शकत नाही.

प्रश्नोत्तरांत अरुणा शानबाग यांचं नाव निघणार हे उघड होतं. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम हॉस्पिटलमध्ये त्या नर्स असताना त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यामुळे मेंदूचा ऑक्सिजन तुटला, आणि १८ मे २०१५ पर्यंत, साडेएकेचाळीस वर्षं, त्या तिथेच होत्या. २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या खटल्यात तीन डॉक्टरांच्या समितीने त्यांना तपासलं आणि बरेचसे निकष व्हेजिटेटिव्ह स्टेटचे आहेत असं सांगितलं. नर्स मात्र सांगत होत्या की आवडीचं खाणं दिलं की त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो, खोलीत फार लोक आले की त्यांना आवडत नाही. त्यांना नेमकं किती कळत होतं यावर मॅडमनी मत दिलं नाही, आणि ते योग्यच केलं. पण एक गोष्ट त्या ठामपणे बोलल्या, रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या माणसाचं निरीक्षण ही केस पेपरवर लिहायची गोष्ट आहे. दहा मिनिटांच्या राउंडमध्ये जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.

अजून एक, आणि यात गैरसमज फार होतो म्हणून सांगते. ब्रेन डेड म्हणजे हे नव्हे. ब्रेन डेड माणसाचा मेंदूचा देठ कायमचा बंद पडलेला असतो, व्हेंटिलेटर काढला तर श्वास नाही. आपल्याकडे १९९४ च्या अवयवदानाच्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचं पॅनल निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ते जाहीर करतं, आणि तो मृत्यूच असतो. टेनिसचा प्रयोग वाचून कुणी अवयवदानाला नाही म्हणू नये.

शेवटी एका काकांनी विचारलं की एफएमआरआय वगैरे आपल्याकडे रोजच्या रोज कोण करणार, आणि मॅडमनी पर्समधून एक छोटा हात-आरसा काढला. बेल्जियममधल्या २००९ च्या अभ्यासात डॉक्टरांनी एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ पेशंटना सीआरएस-आर नावाची ठरावीक तपासणी नीट करून बघितली तर १८ जणांमध्ये भानाच्या खुणा सापडल्या. त्या तपासणीत मशीन लागत नाही. पेशंटच्या चेहऱ्यासमोर आरसा धरायचा आणि हळूहळू डावीकडे उजवीकडे, वर खाली न्यायचा, नजर आरशामागे जाते का बघायचं. बोट किंवा पेन फिरवलं तर न हलणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते, असं बऱ्याच पेशंटमध्ये दिसलंय. आणि हे एकदाच करून भागत नाही, कारण भान येतं जातं, सकाळी असतं, दुपारी नसतं, एखाद्या औषधाने झाकलं जातं. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं असं या क्षेत्रातले लोक सांगतात.

त्यामुळे घरातलं कुणी असं पडलं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, सीआरएस-आर केलं का, कितीदा केलं, दिवसातल्या कुठल्या वेळेला केलं, झोपेची औषधं चालू असताना केलं का. डोळे कशामागे फिरले, कुणाच्या आवाजाला चेहरा बदलला, ते तारीख-वेळेसकट वहीत लिहून ठेवा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि राउंडला दाखवा. आणि पलंगाशेजारी उभं राहून याला काही कळत नाही असं बोलू नका.