खुबा बदलायला साठी उलटावी लागते?

फोंड्याकडे अजून ऐकू येतं: "खुब्याचा सांधा बदलला तर दहा वर्षांत निकामी होतो. साठीपर्यंत कळ काढ." 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की सुमारे 58 टक्के कृत्रिम खुबे 25 वर्षं टिकतात. तरुणपणी बदलला तर पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण नुसतं वय हा निकष नव्हे. व्यायाम, गोळ्या करूनही रात्री झोपमोड होते का? कदंबाच्या बसची पायरी डोंगर वाटते का? मग दाखवाच. आणि खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी नुसतं गुडघ्यात. गुडघ्याला तेल चोळत वर्षं घालवणारे कितीतरी! पडल्यावर पाय टेकवेना, किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर त्याच दिवशी बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) गाठा.