सब्जोंक्तिफचा अपूर्णभूत (फ्रेंच व्याकरण)

फ्रेंच क्रियापदाच्या सब्जोंक्तिफ या अर्थाचे (बोलणाऱ्याची इच्छा, शंका असा भाव दाखवणाऱ्या रूपप्रकाराचे) चार काळ मानले जातात, त्यांपैकी एक. फ्रेंच नाव ‘अँपार्फे द्यु सब्जोंक्तिफ’. प्रधान वाक्यात इच्छा, भीती, शंका, गरज यांपैकी काही व्यक्त झाले असेल आणि तेथील क्रियापद भूतकाळात असेल, तर गौण वाक्यातील क्रियापद नियमाने या रूपात येते. ‘त्याने यावे असे मला वाटत होते’ हे अभिजात फ्रेंचमध्ये ‘ज व्हुले किल व्हँ’ असे होईल. आजच्या बोलण्यात मात्र सर्वजण वर्तमानकाळी रूप घालून ‘ज व्हुले किल व्हिएन’ म्हणतात. मराठीत सब्जोंक्तिफला सर्वांत जवळचा अर्थ विध्यर्थ होय. तो ‘त्याने यावे असे वाटते’ आणि ‘त्याने यावे असे वाटले’ या दोन्ही वाक्यांत तसाच राहतो, म्हणजे या बाबतीत मराठीची रीत आजच्या बोली फ्रेंचसारखीच आहे. परंतु सब्जोंक्तिफचे क्षेत्र विध्यर्थाहून विस्तृत असल्याने येथे फ्रेंच संज्ञाच ठेवली आहे.

रूपसिद्धी वाटते त्यापेक्षा पुष्कळ सोपी आहे. ‘पासे सँप्ल’ म्हणजे साध्या भूतकाळाचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यावे आणि त्याला प्रत्यय जोडावेत. ‘पार्ले’ (बोलणे) याचे ते रूप ‘पार्ला’. त्यावरून एकवचनात अनुक्रमे ‘पार्लास, पार्लास, पार्ला’ आणि अनेकवचनात ‘पार्लास्यों, पार्लास्ये, पार्लास’. ‘फिनिर’ (संपवणे) पासून ‘फिनिस’, ‘दव्ह्वार’ (करणे भाग असणे) पासून ‘द्युस’, ‘एत्र’ (असणे) पासून ‘फ्युस’ आणि ‘व्हनिर’ (येणे) पासून ‘व्हँस’ अशी रूपे होतात. ज्यांना साधा भूतकाळच नाही, उदाहरणार्थ ‘त्रेर’ (दूध काढणे), त्यांना हा काळही नाही. ‘फिनिर’ गटातील नियमित क्रियापदांचे वर्तमान व अपूर्णभूत सब्जोंक्तिफ सहांपैकी पाच रूपांत तंतोतंत एक आहेत. फक्त तृतीय पुरुषी एकवचनात वर्तमानाचे ‘फिनिस’ आणि अपूर्णभूताचे ‘फिनी’ असा भेद उरतो.

उगमाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नावावरून हा काळ लॅटिनच्या अपूर्णभूत सब्जोंक्तिफचा (‘कान्तारेम’ या घडणीचा) वारस वाटतो, पण तसा तो नाही. ‘शाँतास’ (गाणे या क्रियापदाचे प्रथम पुरुषी एकवचन) हे लॅटिनच्या पूर्णभूत सब्जोंक्तिफपासून, म्हणजे ‘कान्ताविस्सेम’पासून आले. त्याचे ‘कान्तास्सेम’ असे संक्षिप्त रूप अभिजात लॅटिनमध्येच रूढ होते. अन्त्य ‘म’ लोपल्यावर ‘कान्तारेम’ हे रूप ‘कान्तारे’ या भाववाचकाशी (‘गाणे’ अशा क्रियापदाच्या मूळ रूपाशी) जवळजवळ एकरूप झाले असावे आणि त्या गोंधळात मागे पडले असावे, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. त्याची जागा पूर्णभूताने नेमकी कोणत्या शतकात घेतली, याबद्दल निश्चित विधान करणे धाडसाचे होईल. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ही प्रक्रिया चालू होती एवढे दिसते. ‘कान्तारेम’चे अवशेष सार्डिनियन भाषेत आढळतात. पोर्तुगीजचे पुरुषवाचक भाववाचक रूपही त्यातूनच आले असे एक मत आहे, पण ते सर्वमान्य नाही. ‘कान्तास्सेम’ची संतती मात्र सर्वत्र पसरली : इटालियन ‘कान्तास्सी’, स्पॅनिश ‘कान्तासे’ आणि पोर्तुगीजमधील त्याचा जोडीदार. रुमानियन भाषेत त्याच रूपाला (‘कन्तासेम’) आता ‘मी गायलो होतो’ असा निव्वळ निश्चयार्थी (घडलेली गोष्ट सरळ सांगणारा) अर्थ आहे. १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्यकारभाराची भाषा असलेल्या गोव्यात ती भाषा शिकलेल्यांना ‘मी बोललो असतो तर’ या अर्थाचे ‘से एउ फालासे’ ओळखीचे असेल. फ्रेंच ‘पार्लास’चे घराणे तेच.

फ्रेंचमधील सर्वांत जुना ठळक पुरावा संत यूलालीच्या स्तोत्रात सापडतो. २९ ओळींची ही रचना साधारणपणे ८८० च्या सुमाराची मानतात. तिचे हस्तलिखित व्हालँसिएन येथील ग्रंथालयात असून ते १८३७ मध्ये हॉफमान फॉन फालर्सलेबेन या जर्मन अभ्यासकाने उजेडात आणले. या लहानशा रचनेत आपला काळ तीनदा येतो, त्यांपैकी दोन ठिकाणे पाहू. देवाच्या सेवेवर यूलालीने प्रेम करू नये यासाठी तिला कोणी वाकवू शकले नाही, या आशयाच्या ओळीत ‘आमास्त’ हे रूप आहे. कौमार्य गमावण्यापेक्षा ती यातना सोसेल, या ओळीत ‘पेर्देस्स’ आहे. दोन्ही रूपे तृतीय पुरुषी एकवचनाची, तरीही एकाच्या शेवटी ‘स्त’ आणि दुसऱ्याच्या शेवटी क्षीण स्वर. ध्वनिनियमांनी ‘स्त’ अपेक्षित आहे, कारण लॅटिन ‘कान्तास्सेत’मधील अन्त्य अक्षराचा दुर्बल स्वर गळायला हवा. ‘पेर्देस्स’मधील स्वर प्रथम पुरुषाच्या साम्याने आला असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटते. मात्र खुद्द प्रथम पुरुषात तो स्वर कसा टिकला, हा प्रश्न त्याने सुटत नाही, फक्त एक पायरी मागे जातो.

प्रथम व द्वितीय पुरुषी अनेकवचनाबाबतही मतभेद आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये पहिल्या गटाच्या (‘पार्ले’सारख्या) क्रियापदांतही ‘आ’ऐवजी ‘इ’ असे, म्हणजे ‘शाँतास्यों’ऐवजी ‘शाँतिस्सों’सारखे रूप. हा ‘इ’ काहींच्या मते ‘इर’ गटातून आला. इतर काही त्याचे मूळ तालव्य व्यंजनान्त धातूंमध्ये शोधतात. दोन्ही कारणे एकत्र घडली असणे अशक्य नाही. सोळाव्या शतकातील व्याकरणकार दोन्ही रूपांमध्ये घुटमळताना दिसतात. त्यानंतर ‘आ’ स्थिरावला.

लेखनाच्या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष १७४०. तोपर्यंत तृतीय पुरुषी एकवचन अनुच्चारित ‘एस’ लिहून दाखवत. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीने असंख्य शब्दांतील मुका ‘एस’ काढून त्याजागी स्वरावर सिर्कोंफ्लेक्स हे टोपीसारखे चिन्ह दिले. तेव्हापासून साधा भूत ‘फ्यु’ (तो होता) आणि सब्जोंक्तिफ ‘फ्यु’ यांतला फरक कानाला नव्हे, डोळ्याला कळतो. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनी ‘आय’ व ‘यू’ या अक्षरांवरील टोपी बहुतेक शब्दांत ऐच्छिक केली, पण या काळाच्या प्रत्ययांत ती मुद्दाम राखली. या समोच्चारामुळे एक चूक फार पसरली आहे. ‘आप्रे क’ (त्यानंतर की) नंतर निश्चयार्थी रूप हवे असताना पुष्कळ लेखक टोपी घालतात आणि नकळत सब्जोंक्तिफ लिहून बसतात.

हा काळ बोलण्यातून का गेला याविषयी तीन मते आहेत. साधा भूतकाळ बोलण्यातून गेला आणि त्याच्या अंगावर उभा असलेला हा काळही त्याच्याबरोबर कोसळला, हे पहिले मत. दुसरे मत ध्वनीला दोष देते : ‘-आस्यों’, ‘-आस्ये’ हे प्रत्यय कर्कश वाटतात आणि ‘साव्ह्वार’ (जाणणे) याचे ‘स्युस’ हे रूप ‘चोखतो’ या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते. तिसऱ्या मतानुसार या रूपाचे काम हळूहळू इतर रूपांनी काढून घेतले.

पहिल्या मताला उत्तर इटलीचे उदाहरण आडवे येते. तेथेही साधा भूतकाळ बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, तरी ‘कान्तास्सी’ घडणीची रूपे जिवंत आहेत. दुसऱ्या मताविरुद्ध एवढेच दाखवता येईल की ‘आम्ही गोळा करत होतो’ या अर्थाचे ‘रामास्यों’ हे अगदी रोजचे रूप आहे आणि त्याला कोणी हसत नाही. हसू येणे हे या काळाच्या अपरिचयाचे फळ असावे, कारण नव्हे. त्यामुळे तिसऱ्या मताकडे कल ठेवणे योग्य वाटते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जर-तर’ची दोन्ही वाक्ये याच काळात येत. सुमारे ११०० च्या ‘रोलाँच्या गीता’त, या जुन्या फ्रेंच वीरकाव्यात, ऑलिव्हिये हा योद्धा म्हणतो की राजा इथे असता तर आपली हानी झाली नसती, तेथे दोन्ही क्रियापदे याच रूपात आहेत. मराठीचा संकेतार्थ जे काम करतो ते तेव्हा या काळाकडे होते. पुढे ‘जर’च्या वाक्यात निश्चयार्थी अपूर्णभूत आणि ‘तर’च्या वाक्यात ‘काँदिस्योनेल’ हे अटदर्शक रूप रूढ झाले, आणि हे काम हातचे गेले. इटालियनने ‘जर’चे वाक्य याच रूपाकडे ठेवले, म्हणून तेथे ते टिकले.

शासनाने या बदलाची दखल दोनदा घेतली. २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने, प्रधान वाक्यात काँदिस्योनेलचा वर्तमान असल्यास परीक्षेत वर्तमान सब्जोंक्तिफ खपवून घ्यावा असे ठरले. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने हीच सवलत भूतकाळी प्रधान वाक्यानंतरही दिली.

वापराविषयी थोडके पुरे. आज हा काळ मुख्यतः साहित्यिक कथनात आणि औपचारिक लेखनात येतो, तोही बहुधा तृतीय पुरुषी एकवचनात, विशेषतः ‘एत्र’ व ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) या क्रियापदांचा. इतर पुरुषांतील रूप वाचकाला थबकवते. अल्बेर काम्यू यांच्या १९५६ च्या ‘ला श्युत’ या कादंबरीतील निवेदक असे एक रूप वापरतो, श्रोता चपापल्याचे त्याच्या ध्यानात येते आणि या रूपाविषयीचा आपला मोह तो कबूल करतो. काही गोठलेले प्रयोग मात्र सुशिक्षितांच्या बोलण्यातही आहेत : ‘न फ्युस क’ (निदान एवढ्यासाठी तरी), ‘प्ल्युता द्यो’ (देव करो आणि), तसेच ‘मला कितीही सोसावे लागले तरी’ या अर्थाच्या वाक्याच्या आरंभी येणारे ‘द्युसे-ज’. या शेवटच्या प्रयोगात क्रियापद कर्त्याआधी येते आणि ‘जरी’साठी वेगळा शब्द लागत नाही.

ऑक्सितान या दक्षिण फ्रान्सच्या भाषेत ‘कान्तेसे’ घडणीचे रूप अद्याप बोलण्यात आहे.