रस्त्यावरची लाठी आणि कोठडीतली लाठी

आंदोलनात लाठीमार झाला की वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर पोलिसी अत्याचाराची चर्चा सुरू होते. कोठडीत एखाद्याचा मृत्यू झाला तरी तीच चर्चा, त्याच शब्दांत आणि बहुधा त्याच पाहुण्यांसह पुन्हा ऐकू येते. या दोन गोष्टींत लाठी समान असली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची जात वेगळी आहे. रस्त्यावर जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला आहे, त्यामुळे तिथे वाद असतो तो प्रमाणाचा. कोठडीतील माणसाला मारण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणालाही दिलेला नाही, त्यामुळे तिथे प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. दोन्हींसाठी एकच मोजपट्टी लावली की रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या शिपायावर अन्याय होतो आणि कोठडीत हात उगारणाऱ्याला नाहक पळवाट मिळते.

नाशिककरांना आंदोलन नवे नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला आणि ६ मार्च २०१८ रोजी सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून त्या मोर्चाने शेवटचा टप्पा रात्रीतून पार केला होता. हजारो माणसे रस्त्यावर असूनही लाठी उचलण्याची वेळ आली नाही. याउलट एप्रिल २०२५ मध्ये काठे गल्ली परिसरातील कारवाईच्या वेळी मध्यरात्री दगडफेक झाली, वीसहून अधिक पोलीस जखमी झाले आणि पोलिसांनी अश्रुधूर व लाठीचा वापर केला. दगड अंगावर येत असताना हात बांधून उभे राहा, असे कायदा पोलिसांना सांगत नाही आणि कोणत्याही समंजस नागरिकाने तसे म्हणू नये.

कायदा काय सांगतो, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ ची जागा त्याने १ जुलै २०२४ पासून घेतली. जमाव बेकायदेशीर असेल, किंवा पाच अथवा अधिक माणसांच्या जमावामुळे सार्वजनिक शांतता भंग होण्याचा संभव असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी आणि त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी, त्या जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. हुकूम देऊनही जमाव हटला नाही, किंवा हटणार नाही हे त्याच्या वागण्यातूनच दिसले, तर बळ वापरता येते. म्हणजे बळाचा हेतू पांगवणे एवढाच आहे. शिक्षा देणे, धडा शिकवणे, ‘पुन्हा तोंड वर करणार नाहीत’ अशी जरब बसवणे या हेतूंना त्या कलमात जागा नाही. आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत राज्याचे उपनिरीक्षक घडतात; लाठी कमरेखाली चालवायची, डोक्यावर नाही, हा पोलिसांच्या प्रशिक्षणातला जुना दंडक आहे आणि त्याचे मूळही याच हेतूत आहे.

म्हणून रस्त्यावरच्या घटनेत विचारायचे प्रश्न असे असतात: हुकूम कोणी दिला, तो ध्वनिक्षेपकावरून सर्वांना ऐकू जाईल असा दिला का, निघून जायला वाट आणि वेळ होती का, आणि जमाव पांगू लागल्यावर लाठी थांबली का. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत उपोषणस्थळी झालेल्या लाठीमारानंतर आधी दगड की आधी लाठी, यावर राज्यभर वाद झाला आणि अखेर तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री झालेल्या कारवाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोलिसांना दोष दिला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजीच्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला आणि संबंधित अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. अधिकार होता का, आणि असल्यास तो कुठे ओलांडला, याचा शोध या प्रकरणांत घ्यावा लागला.

कोठडीत हा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. तिथला माणूस एकटा आणि निःशस्त्र असतो, बंद खोलीत असतो आणि पूर्णपणे पोलिसांच्या ताब्यात असतो. त्याच्याकडून शांतताभंगाची भीती नसते. कबुलीजबाब मिळवण्यासाठी मारहाण करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. आरोपी सराईत असो, त्याच्यावर वीस गुन्हे असोत, वा तो रंगेहाथ सापडलेला असो, या कलमात कोणताही अपवाद नाही.

मग मारहाण होते कशासाठी? पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र आरोपीने सांगितल्यावरून चोरीचा माल किंवा हत्यार सापडले, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये असलेली ही तरतूद नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. ‘मुद्देमाल हस्तगत’ होण्याला एवढे महत्त्व आहे ते यामुळे, आणि खोलीत लाठी निघते तीही बऱ्याचदा यामुळेच. त्यात आपलाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. घरफोडी झालेला फिर्यादी ‘साहेब, जरा दोन ठेवून द्या, लगेच बोलेल’ असे सहज म्हणून जातो, आणि हे म्हणणारी माणसे एरवी सज्जनच असतात.

दोन्हींतली सीमारेषा ठाण्याच्या दारात नाही, ताब्यात आहे. भर चौकात दोन शिपायांनी दंड धरलेल्या आंदोलकाच्या पाठीत तिसऱ्याने लाठी हाणली, तर जागा रस्त्याची असली तरी ती लाठी कोठडीतली आहे, कारण त्या क्षणी त्या माणसाला पांगवायचे उरलेले नसते. खाली पडलेल्यावर आणि गाडीत बसवताना झालेल्या मारालाही हेच लागू होते. मोबाइलवर आलेली चित्रफीत पाहताना मी आधी हेच पाहतो की मार खाणारा माणूस मोकळा आहे की धरलेला.

डिसेंबर २०२४ मधील परभणीच्या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकामागोमाग आल्या. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर आंदोलन पेटले, तोडफोड झाली, पोलिसांनी बळ वापरले आणि धरपकड केली. अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्यानंतरच्या चर्चेत ‘बंदच्या दिवशी दुकाने कोणी फोडली’ हा रस्त्यावरचा प्रश्न त्या मृत्यूचे उत्तर म्हणून वारंवार पुढे केला गेला. दुकाने कोणीही फोडलेली असोत, अटकेनंतरच्या जखमांचे उत्तर त्यातून मिळत नाही. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

बातमीच्या भाषेविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे, कारण दोन्ही लाठ्यांची सरमिसळ तिथेच होते. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’ या दोन वाक्यांत फरक केवळ क्रियापदाचा आहे, पण दुसऱ्या वाक्यात चौकशीआधीच निकाल दिलेला असतो. ‘सौम्य लाठीमार’ हे विशेषण बहुतेक वेळा पोलिसांच्या निवेदनातून जसेच्या तसे उचललेले असते. ही ढिलाई रस्त्यावरच्या बातमीत घातक आहेच, परंतु कोठडीच्या बातमीत ती गुन्ह्याला चक्क आड करते. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. त्याचा सरळ अर्थ असा, की ताब्यातील माणसाला मारले किंवा धमकावले, आणि शिक्षेस पात्र असलेले ते कृत्य तपासाचे यश म्हणून छापले गेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा पकडलेल्यांच्या तोंडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे वदवून घेतलेल्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांना विटलेल्या लोकांना त्यातून दिलासा मिळाला आणि तो दिलासा खरा होता. तरीही कॅमेऱ्यासमोर हात जोडणारा तो माणूस ताब्यात होता आणि त्याच्यावरचा आरोप सिद्ध व्हायचा होता. कायद्याचा बालेकिल्ला हे शब्द मला मनापासून आवडतात, आणि म्हणूनच ते आरोपीइतकेच कोठडीलाही लागू व्हावेत, असे मला वाटते.

पत्रकारितेने याच विषयात मोठे काम केले आहे. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये वर्तमानपत्रांतील कोठडी मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सरन्यायाधीशांना लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकरा निर्देश दिले: अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने आणि तारीख-वेळेसह करावा, नातेवाइकाला कळवावे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, आरोपीला वकिलाला भेटता यावे, इत्यादी. रस्त्यावरच्या लाठीला हजार साक्षीदार असतात, कोठडीतल्या लाठीला एकही नसतो. म्हणून कागद, डॉक्टर आणि २०२० च्या निकालापासून प्रत्येक ठाण्यातला सीसीटीव्ही कॅमेरा हे तिथले साक्षीदार ठरवले गेले. कोठडीत मृत्यू झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीही कायद्याने बंधनकारक आहे.

त्या कागदाची किंमत मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंच्या मुलाला रात्री ‘चौकशीसाठी’ नेले. त्या जेवणाचा डबा घेऊन ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या आणि आतून ‘अजून अटक नाही, नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळत राहिले. अटक झाल्यापासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, आणि हे तास नोंद केल्यापासून नव्हे, तर माणसाचे स्वातंत्र्य प्रत्यक्ष हिरावले तेव्हापासून धरायचे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. बाईंना यातले काही ठाऊक नव्हते. फक्त मुलगा घरातून गेला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत ‘९.२०’ असे पेन्सिलीने लिहिले होते. ठाण्याच्या दप्तरात अटकेची वेळ पहाटे चारची लागली होती. दुसऱ्या दिवशी वकिलांनी कालनिर्णयचे ते पान फाडून न्यायालयात नेले.