कंदीलपुष्पांचे परागण

कंदीलपुष्पांचे परागण : रुईच्या उपकुलातील सेरोपेजिया (कंदीलपुष्प) या प्रजातीची, म्हणजे अनेक जातींच्या गटाची, फुले बारीक माश्यांना वासाने बोलावतात, साधारण एक दिवस कोंडून ठेवतात आणि परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) चिकटवून सोडून देतात. महाराष्ट्रात या वनस्पतींना खरपुडी, खरचुडी अशी नावे आहेत.

नावाची व्युत्पत्ती : स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये प्रजातीचे नाव प्रसिद्ध केले. ग्रीक ‘केरॉस’ म्हणजे मेण आणि ‘पेगे’ म्हणजे झरा, म्हणून ‘मेणाचे कारंजे’ हा अर्थ बहुतेक ग्रंथांत सापडतो. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘केरोपेगिऑन’, म्हणजे मेणबत्तीची बैठक, हा आहे. लिनीअस यांनी वर्णिलेल्या मलबारी जातीचे नाव ‘कॅन्डेलाब्रा’, म्हणजे दीपवृक्ष, असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या जातीची ओळख युरोपला हॉर्टस मलबारिकस (१६७८–१६९३) या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथातून झाली. त्याच्या सिद्धतेत कोकणी वैद्यांचाही हात होता. मराठी ‘कंदील’ अरबीतून आला असला तरी त्याचे मूळ लॅटिन ‘कॅन्डेला’पर्यंत पोचते. ‘कंदीलपुष्प’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे असावे.

प्रजातीची व्याप्तीही वादग्रस्त आहे. जुन्या व्याख्येत सुमारे दोनशे जाती येतात. २०१७ मध्ये स्टॅपेलिया व तिच्या नात्यातील मांसल वनस्पती सेरोपेजियातच घालण्याचा प्रस्ताव आला. तो मान्य केल्यास ही संख्या कितीतरी पटींनी वाढते. येथे जुनी, मर्यादित व्याख्या धरली आहे.

फुलाची रचना : पाच जुळलेल्या पाकळ्यांचे तीन भाग दिसतात. तळाशी फुगीर कोठी, मधे अरुंद नलिका आणि वर पाच खंड. बहुतेक जातींत या खंडांची टोके जुळलेली असतात, त्यामुळे कंदिलासारखा पिंजरा दिसतो. माशी खंडांमधल्या फटींतून आत शिरते. नलिकेच्या आतली कातडी गुळगुळीत असते, पाय धरत नाही. तिथले केस तळाशी सांधल्यासारखे असून फक्त खालच्या बाजूला वाकतात. उतरणारी माशी सहज जाते, चढणारी अडते. केसांची दाटी जातीनुसार बदलते.

कोठीच्या तळाभोवतीची भिंत फिकट व अर्धपारदर्शक असते. नलिका अंधारी आणि तळ उजळ, म्हणून सुटू पाहणारी माशी वाटेकडे न जाता उजेडाकडे, म्हणजे मधल्या स्तंभाकडे (पुंकेसर व स्त्रीकेसर जुळून झालेल्या खांबाकडे) जाते. स्तंभाभोवतीच्या तोरणाच्या, म्हणजे वलयाकार उपांगाच्या, पेल्यांत थोडा मकरंद असतो. तो चोखताना सोंडेवरचा केस दोन परागकोशांच्या कडांमधील फटीत अडकतो. माशीने सोंड वर ओढली की केस फटीच्या टोकाशी असलेल्या गडद चिमटीत पकडला जातो आणि चिमटीला जोडलेले दोन परागपुंज बाहेर निघतात. परागपुंज पिवळ्या पुडीसारखा उडत नाही. ती एक घट्ट गोळी असते. पुढे नलिकेतले केस सुकतात, फूल कलते आणि माशी निसटते. ती दुसऱ्या फुलात शिरली तर परागपुंज तशाच फटीत बसून तुटतो.

हे सगळे माशीच्या मापावर अवलंबून आहे. मोठी माशी नलिकेत मावत नाही. फार लहान असेल तर चिमटी ओढून काढण्याइतके बळ तिच्यात नसते. वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी १९६१ मध्ये या सापळ्याचे सविस्तर वर्णन केले.

वास : पिंजऱ्याचा आकार नजरेत भरतो, पण आवतण देतो तो वास. दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनाय ही जाती जखमी मधमाशीच्या वासाची नक्कल करते, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. डेस्मोमेटोपा या माश्या कोळ्याने पकडलेल्या मधमाशीचा रस चोखतात. त्या आयत्या जेवणाच्या आशेने येतात आणि कोठीत पडतात.

हाताने परागण : रोपवाटिकेत कीटक न आल्यास कोठीला उभी चीर देऊन दहापट भिंगाखाली स्तंभ उघडा करतात. बारीक सुईने किंवा ताठ केसाने चिमटी उचलायची आणि परागपुंज दुसऱ्या रोपावरील फुलाच्या फटीत सरकवायचा. त्याची पारदर्शक कडा आतल्या बाजूस हवी, कारण परागनलिका तिथूनच फुटतात. उलटा बसला तर मेहनत वाया. परागपुंज वाळल्यास तो फटीत न बसता निसटतो, म्हणून काढल्याबरोबर बसवावा. फळ शिंगांच्या जोडीसारखे असते. ते तडकण्याआधी मलमलीची पिशवी बांधावी, नाहीतर रेशमी झुपक्यांची बीजे रुईच्या म्हाताऱ्यांसारखी उडून जातात. पावसाळा सरल्यावर वरचा भाग सुकतो. तेव्हा पाणी तोडावे. न तोडल्यास कंद कुजतो.

महाराष्ट्रातील जाती : सह्याद्रीच्या सड्यांवर (कातळी पठारांवर), गवताळ उतारांवर आणि झुडपांत ताठ व वेलरूप अशा दोन्ही प्रकारच्या जाती आढळतात. अनेक येथेच प्रदेशनिष्ठ आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून सेरोपेजिया अंजनेरिका ही जाती २००६ मध्ये वर्णिली गेली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. आर. यादव व सहकाऱ्यांनी या प्रजातीचे वर्गीकरण आणि संवर्धन यांवर दीर्घकाळ काम केले. फुलोरा साधारण जुलै ते ऑक्टोबर. कंद खाण्याजोगे असल्याने गुराखी ते उकरून खातात. चराई, वणवे आणि सड्यांवरील खाणकाम यांचीही झळ या वनस्पतींना बसते.