मायक्रोस्कोपिक कोलायटिस : नावाची आणि भवितव्याची पार्श्वभूमी

दीर्घकाळ पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या एका महिलेच्या मोठ्या आतड्याच्या तुकड्यात अस्तराखाली कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा जाड थर असल्याची (कोलॅजिनस प्रकाराची) नोंद १९७६ साली स्वीडनमध्ये झाली. मोठ्या आतड्याच्या या सुजेला मिळालेले 'मायक्रोस्कोपिक कोलायटिस' हे नाव १९८० सालचे आणि लिम्फोसायटिक हा प्रकार वेगळा मांडला गेला तो १९८९ साली.

घोळ आहे तो नावात. नौपाड्यातील माझ्या ओळखीच्या साठीच्या एका बाईंनी घरी सांगितले, की आतड्याला अगदी बारीकशी सूज आहे. शेजारणीने मात्र कोलायटिस हा शब्द ऐकताच आतडे काढावे लागलेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (आतड्याला व्रण पडणाऱ्या वेगळ्या आजाराच्या) रुग्णाची हकिगत ऐकवली. दोघींचाही समज चुकीचा होता. 'मायक्रोस्कोपिक' हे विशेषण सुजेचे मोजमाप नाही; ती सूज सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येते, एवढेच ते सांगते. दुर्बिणीच्या तपासणीत अस्तर बहुधा निरोगी दिसते आणि त्यामुळे तुकडे न घेता तपासणी आटोपली तर निदान हुकते. बाईंच्या फायलीत 'अस्तर नॉर्मल' असा शेरा दोनदा आहे आणि निदान हुकलेल्या दोन वर्षांत त्यांनी ठाण्याहून लोकलने दादरला जाणेही सोडले होते.

कोलॅजनचा थर १० मायक्रोमीटर किंवा त्याहून जाड असणे, अथवा दर १०० अस्तरपेशींमागे २० हून अधिक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असणे, हे अनुक्रमे कोलॅजिनस आणि लिम्फोसायटिक या दोन प्रकारांचे निकष आहेत. आजार एकच की दोन, हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु लक्षणे आणि उपचार जवळपास सारखेच असल्याने रुग्णाच्या दृष्टीने तो गौण आहे, असे मला वाटते.

पुढील आयुष्याविषयी दिलासा देणारी बाब अशी, की या आजाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही आणि शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइड औषधाने बहुतेकांचे जुलाब काही आठवड्यांत थांबतात. मात्र औषध बंद केल्यावर निम्म्याहून अधिक जणांना त्रास पुन्हा होतो. अशांना कमी मात्रा दीर्घकाळ घ्यावी लागते आणि मग हाडांकडेही लक्ष ठेवावे लागते. काही वेदनाशामके, आम्लपित्तावरील काही गोळ्या आणि धूम्रपान यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे, म्हणून चालू औषधांची यादी तपासणे हा उपचाराचाच भाग ठरतो. या बाईंचे जुलाब औषध थांबवताच दोन महिन्यांत परतले. आता त्या कमी मात्रेवर आहेत आणि गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे.