सार्वजनिक वैद्यकीय संशोधन, मराठवाड्यातील (श्वसनविकार व दीर्घकालीन रोग)

सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या पैशातून मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत क्षय, दमा, जुनाट खोकला, मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर झालेला अभ्यास. कर्करोग दीर्घकालीन रोगांत धरावा की त्याचा वेगळा वर्ग करावा याविषयी एकवाक्यता नाही. या प्रदेशाची सर्वांत भक्कम आकडेवारी त्याच रोगाची असल्याने तो येथे घेतला आहे. औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली. जुन्या अहवालांच्या संदर्भात येथे जुनीच नावे ठेवली आहेत.

प्रारंभ : या संशोधनाचा आरंभ कोठून धरावा याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तो निजामी राजवटीपर्यंत मागे जातो. १८८८ व १८८९ मध्ये हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने दोन ‘क्लोरोफॉर्म आयोग’ बसले. भूल देताना रोगी दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा त्यांपुढचा प्रश्न होता. दुसऱ्या आयोगासाठी सहावा निजाम महबूब अली खान याने एक हजार पौंड दिले व लंडनहून लॉडर ब्रंटन हा औषधशास्त्रज्ञ आला. कुत्री, माकडे इत्यादी प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास आधी थांबतो, तेव्हा भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. तो टिकला नाही. क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाच्या जवनिका अनियमित फडफडून मृत्यू येऊ शकतो, हे गुडमन लेव्ही याने १९११ च्या सुमारास दाखवले. आयोगाचा विषय श्वसनाचा होता आणि ज्या खजिन्यातून पैसा आला त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या मराठी जिल्ह्यांचा शेतसाराही जमा होत असे, हे खरे. पण त्यात मराठवाड्याचा रोगी नाही व मराठवाड्याचा रोगही नाही. म्हणून आरंभ १९५६ मध्ये औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेथून धरणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

महाविद्यालये : घाटीनंतर (औरंगाबादच्या या शासकीय महाविद्यालय-रुग्णालयाचे बोलीतले नाव) अंबाजोगाई (१९७४), नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथे शासकीय महाविद्यालये झाली, धाराशिव, परभणी, जालना व हिंगोली येथील २०२२ पासूनची आहेत. यांतले बहुतेक संशोधन पदव्युत्तर प्रबंधांच्या रूपात होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर) १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पांसाठी विद्यावेतन देते, त्यातूनही काही काम होते. एका वॉर्डातले, एका वर्षातले रुग्ण हा अशा कामाचा साधारण आवाका असतो. गावातल्या रोगाचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही.

कर्करोग नोंदणी : गावपातळीवरचे सर्वांत दीर्घ काम मात्र महाविद्यालयाबाहेर झाले. बार्शी येथे १९८७ मध्ये आयसीएमआरच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाखाली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे येतात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्याबाहेर. परंडा व भूम उस्मानाबादेत. या नोंदणीला मराठवाड्याची म्हणावे का, हा वाद भूगोलाचा आहे. रोगी मात्र एसटी धरून बार्शीलाच जात आला आहे. शहरातली नोंदणी रुग्णालयाच्या कागदांवर भागते. येथे तसे कागदच नसल्याने कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून सरपंच, शिक्षक अशा माणसांना भेटावे लागे, लक्षणे समजावून सांगावी लागत आणि संशयित रोग्याला तपासणीला यायला राजी करावे लागे. औरंगाबाद शहराची नोंदणी याहून जुनी (१९७८) आहे, पण ती स्वयंसेवी संस्थेने सुरू केली होती.

उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांची नोंदणी पुढे याच कार्यक्रमात आली. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशातील सर्व नोंदणी केंद्रांत कर्करोगाचे वयसमायोजित (लोकसंख्येच्या वयोरचनेतला फरक काढून टाकलेले) प्रमाण येथेच सर्वांत कमी आहे : लाखामागे पुरुषांत ३९.५ व स्त्रियांत ४९.४. मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचे प्रमाण २६९.४ आहे. कमी आकड्याचे दोन अर्थ लावले जातात. ग्रामीण राहणीमुळे रोगच कमी, हा एक. निदानाची सोय कमी, म्हणून नोंद कमी, हा दुसरा. ऐझॉलशी असलेली तफावत एवढी मोठी आहे की पहिला अर्थ सर्वस्वी टाकता येत नाही. तरी सोलापूर-पुण्याला निदान होणाऱ्या रोग्यांचा व निदानाविनाच मरणाऱ्यांचा विचार करता दुसऱ्याचे वजन कमी लेखू नये.

याच परिसरात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावगटांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीन प्रकारच्या तपासण्या व एक तुलनागट अशा चार भागांत विभागल्या होत्या. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही (या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू) तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. तुलनागटाला तपासणी दिलेली नव्हती, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. त्या काळी देशातील प्रचलित व्यवस्थेतही तपासणी नव्हती, हे संशोधकांचे उत्तर. मुख्य निधी गेट्स प्रतिष्ठानचा असल्याने काटेकोरपणे पाहता ही चाचणी या लेखाच्या व्याख्येबाहेर जाते. तिच्यातील टाटा स्मारक केंद्राचा, म्हणजे सरकारी संस्थेचा, सहभाग लक्षात घेऊन ती येथे ठेवली आहे.

श्वसनविकार : दमा व जुनाट श्वासनलिकादाह यांची आयसीएमआरची बहुकेंद्री पाहणी (निष्कर्ष २०१२) १,६९,५७५ प्रौढांवर झाली. पंधरा वर्षांवरील व्यक्तींत दम्याचे प्रमाण २.०५ टक्के आणि पस्तिशीपुढच्यांत जुनाट श्वासनलिकादाहाचे ३.४९ टक्के आढळले. तिचे एक केंद्र नागपूरला होते, एक सिकंदराबादला. मधला मराठवाडा सुटला. प्रश्नावलीवर चालणाऱ्या अशा पाहणीत येथे शब्दाचीही अडचण येते. ‘दमा’ हा शब्द फारसी ‘दम’ म्हणजे श्वास यापासून आला असे कोशकार मानतात, आणि बोलण्यात तो तेवढाच मोकळा वापरतात. ॲलर्जीचा दमा, धुराने निकामी झालेली फुफ्फुसे, कधी हृदयविकाराची धापसुद्धा ‘दम्या’त जाते. आयुर्वेदातील श्वासाच्या पाच प्रकारांपैकी केवळ ‘तमक’ आजच्या दम्याशी जुळतो.

धुराचे कारण स्थानिक आहे. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून घराच्या मागे रचतात, त्यांच्या शेजारी तुराट्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाटीवर चूल पेटेपर्यंत फुंकणारणीच्या डोळ्यांतून पाणी येते. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी पुष्कळदा चुलीवरच तापते. त्यामुळे विडी न ओढलेल्या बाईत सापडणारा जुनाट श्वसनअवरोध हा येथील अभ्यासाचा खरा विषय ठरतो.

क्षय : घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातल्या उपचारांइतकेच गुणकारी असतात, हे मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ मध्ये सिद्ध केले. त्यावर १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला, आणि मराठवाड्यातल्या रोग्याला गोळ्या तालुक्याला मिळू लागल्या. मात्र या पद्धतीत रोगी सहा महिने एका पत्त्यावर राहतो असे गृहीत आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि उन्हाळ्यात परततो. हंगाम आणि औषधाचा क्रम यांची लांबी जवळजवळ सारखीच. सकाळचा बेडका डबीत द्यायचा, तर पहाटे तीनला कोपीतून (झोपडीतून) निघून फडावर गेलेला ‘कोयता’, म्हणजे ऊसतोड कामगार, दवाखाना उघडताना तेथे नसतो. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदणीमुळे (२०१२) उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतात, परंतु त्यासाठी जाण्याआधी कोणाला तरी सांगावे लागते.

कोविड-१९ : जुनाट नसला तरी श्वसनाचा रोग म्हणून येथे उल्लेख. मे-जून २०२० च्या आयसीएमआरच्या पहिल्या राष्ट्रीय रक्तद्रव पाहणीत (संसर्ग होऊन गेल्याची खूण रक्तात शोधणाऱ्या) महाराष्ट्राचे सहा जिल्हे होते, त्यांपैकी बीड, परभणी व नांदेड हे तीन मराठवाड्याचे. दर जिल्ह्यात दहा ठिकाणी चाळीस-चाळीस प्रौढांचे रक्त घेतले. हा नमुना देशाचा अंदाज काढण्यासाठी बेतलेला होता, त्यामुळे जिल्हावार टक्केवारीची तुलना करू नये.

इतर : मधुमेहाच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के आले (पहिला टप्पा, २०११). एकक राज्य असल्याने प्रदेशाचा आकडा वेगळा निघत नाही. हवा-गुणवत्तेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या केंद्रीय यादीत औरंगाबाद, जालना व लातूर आहेत. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुफ्फुसविकार कायद्याने कळवण्याजोगा रोग आहे. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची ओळख. जिनिंगचे (कापसातून सरकी काढण्याचे) काम हंगामी, आणि हंगाम संपला की मजूर घरी जातो.