२क मोठं की क + २? गणिताच्या तासाला चालणाऱ्या वादामागची गोष्ट

२क मोठं की क + २? बोला पटकन.

बहुतेक जण २क म्हणून मोकळे होतात, गुणाकाराने संख्या मोठी होते हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं ना. मग कुणीतरी क च्या जागी १ ठेवून बघतो, इकडे २ येतात आणि तिकडे ३, मग दुसरा कुणी २ ठेवतो तर दोन्हीकडे ४, आणि इथून पुढे वर्ग शांत बसत नाही. लंडनच्या चेल्सी कॉलेजमधल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात १३ ते १५ वर्षांच्या मुलांवर एक मोठा अभ्यास केला होता, त्यातला हा प्रश्न. मुलांना गणितातलं अक्षर नक्की काय वाटतं, वस्तू, एकच ठरलेली संख्या की बदलणारी संख्या, हे त्यांना बघायचं होतं. तिथे तो कागदावर सोडवायचा होता. आता तोच प्रश्न घेऊन शिक्षक वाद घालायला वर्गाचे दोन गट करतात, म्हणजे तीन, कारण "ते क वर अवलंबून आहे" म्हणणारे वेगळे उभे राहतात.

असे प्रश्न प्री-अल्जेब्रात येतात, हा शब्द मुळात अमेरिकन शाळांमधला. बीजगणित सुरू करायच्या आधीची तयारी: ऋण संख्या, अपूर्णांक, गुणोत्तर, अक्षरं, साधी समीकरणं. आणि हे सगळं डिबेट करून शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, गणितात उत्तर एकच असतं मग वाद कसला घालणार? मला हा प्रश्न गमतीशीर वाटतो, कारण या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर मोठी माणसं शेकडो वर्षं वाद घालत होती. आपल्या हातात पुस्तक येतं ते वाद संपल्यावरचं, त्यामुळे भांडण झालं होतं हेच कळत नाही.

शून्याने भागायचं उदाहरण घ्या. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्रह्मस्फुटसिद्धांतात शून्य आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले, धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज, ऋण गुणिले ऋण धन वगैरे, ते आजही जसेच्या तसे चालतात. पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं त्याने लिहिलं, ते मात्र टिकलं नाही. पुढे साधारण ८५० च्या सुमारास महावीराचार्य म्हणाले की संख्येला शून्याने भागलं तर ती आहे तशीच राहते. आणि १२ व्या शतकात भास्कराचार्यांनी त्याला खहर म्हटलं, म्हणजे ज्याच्या छेदात शून्य आहे अशी राशी, आणि ती अनंत आहे, तिच्यात काही मिळवा नाहीतर काढा, काही फरक पडत नाही. म्हणजे ५०० वर्षांत तिघा दिग्गजांची तीन मतं. आता कुठल्याही वर्गात जाऊन विचारा ५ भागिले ० किती, अशीच तीन उत्तरं येतील: शून्य, पाचच, अनंत. मुलं चुकत नाहीयेत हो, ती त्याच वाटेने चाललीयेत. "पाच गोष्टी कुणालाच वाटल्या नाहीत तर पाचच उरल्या की" हा मुलांचा युक्तिवाद ऐकला की महावीराचार्यांची बाजू एकदम पटायला लागते, आणि ती का टिकत नाही हे सांगायला मग शिक्षकालाही जरा घाम फुटतो, भागाकार म्हणजे उलटा गुणाकार इथपर्यंत मागे जावं लागतं. कुठल्या संख्येला शून्याने गुणलं की ५ येतात? कुठल्याच नाही. या एका ओळीपर्यंत मुलं स्वतः पोचली तर ती विसरत नाहीत.

वाद कसा घालायचा याचं शास्त्र तर आपल्याकडे भरपूर जुनं आहे. न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद, जिंकायलाच बसतात तो जल्प, आणि स्वतःचं म्हणणं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा, ज्यावरून आपण वितंडवाद म्हणतो. शिवाय युक्तिवादाचे पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आधी काय म्हणायचंय ते सांग, मग का ते सांग. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्रीकांकडे प्लेटोच्या मेनो संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो की २ बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढ, मुलगा म्हणतो बाजू दुप्पट कर, मग क्षेत्रफळ ४ चं १६ झालेलं दिसतं, मग म्हणतो ३ घे, तर ९ येतात, ८ नाही, आणि शेवटी कर्णावर चौरस काढला की जमतं. प्रश्न विचारून शिकवण्याचं हे उदाहरण सगळे देतात पण खरं सांगू का, तिथे बोलतो जास्त सॉक्रेटिसच, मुलगा हो ला हो करतो. त्याला डिबेट म्हणणं मला जड जातं.

ऋण संख्यांवरून युरोपात जे झालं ते मात्र खरंखुरं भांडण. १७ व्या शतकात फ्रान्समधल्या आंत्वान आर्नोचा आक्षेप असा होता की १ ला –१ शी जे गुणोत्तर तेच –१ ला १ शी कसं असेल, मोठ्याचं लहानाशी आणि लहानाचं मोठ्याशी नातं एकसारखं कसं? लाइबनिझसारख्या माणसाने सुद्धा आक्षेप खोटा नाही असं मान्य केलं आणि तरी गणित चालतं म्हणून चालवून घ्या असा पवित्रा घेतला. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मॅसेरेसने १७५८ मध्ये ऋण चिन्हाच्या वापरावर अख्खा प्रबंध लिहून तक्रार केली, आणि विल्यम फ्रेंडने १७९६ मध्ये ऋण संख्या नाकारूनच बीजगणिताचं पुस्तक काढलं. फ्रेंडचे जावई ऑगस्टस डी मॉर्गन, हो तेच, तर्कशास्त्रातल्या डी मॉर्गनच्या नियमांवाले. त्यांनी १८३१ मध्ये एक गणित घेतलं: वडील ५६ चे, मुलगा २९ चा, वडिलांचं वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? समीकरण मांडलं की उत्तर येतं –२. डी मॉर्गन म्हणाले हे उत्तर हास्यास्पद आहे, प्रश्नच बदला, "कधी होईल" नको, "कधी होतं" असं विचारा, मग उत्तर २ वर्षांपूर्वी. आता हेच मुलांसमोर ठेवा, –२ हे उत्तर चुकीचं की प्रश्न चुकीचा? तास कमी पडतो. आणि संख्यारेषेवर मागे जाणं म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागत नाही.

मग शाळेत हे भांडण का दिसलं नाही? कारण शाळा नियम शिकवायला बसली होती. रॉबर्ट रेकॉर्डने, ज्याने १५५७ मध्ये बरोबरचं चिन्ह आणलं, त्याने १५४३ चं अंकगणिताचं पुस्तक गुरू आणि शिष्याच्या संवादात लिहिलं होतं, शिष्य मधेच शंका काढतो, चुकतो सुद्धा. पण पुढे पाठ्यपुस्तकांमधून शिष्यच गायब झाला.

त्याला परत आणायचा एक मोठा प्रयत्न १९३० च्या दशकातला, शिक्षक हॅरॉल्ड फॉसेट यांचा, अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या शाळेत. भूमितीच्या वर्गात त्यांनी सुरुवातीला भूमिती काढलीच नाही. शाळेत उल्लेखनीय कामगिरीसाठी बक्षीस द्यावं का यावर मुलांना बोलू दिलं, आणि लवकरच लक्षात आलं की कामगिरी म्हणजे काय, बक्षीस कशाला म्हणायचं हेच प्रत्येकाचं वेगळं आहे. व्याख्या आधी ठरवल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही, हे मुलांना त्यातून कळलं आणि मग भूमितीच्या व्याख्या त्यांनी स्वतः बनवल्या. मला वाटतं या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात हुशारीचं पाऊल हेच. १९५७ पासून रॉबर्ट डेव्हिस यांच्या मॅडिसन प्रोजेक्टमध्ये छोट्या मुलांना खरी, खोटी आणि रिकामी जागा असलेली अशी संख्यांची वाक्यं द्यायला सुरुवात झाली, "हे खरं की खोटं" एवढाच प्रश्न. आणि १९६३-६४ मध्ये इम्रे लाकातोश या तत्त्वज्ञाने एक काल्पनिक वर्गच लिहून काढला, ज्यातले विद्यार्थी बहुफलकांच्या, म्हणजे घनासारख्या सपाट बाजूंच्या आकारांच्या, एका सूत्रावरून एकमेकांचे दाखले मोडून काढतात आणि त्यातूनच सिद्धता सुधारत जाते.

खरी खोटी वाक्यं किती लागतात ते १९९९ मध्ये दिसलं. अमेरिकेत ८ + ४ = □ + ५ हे गणित सहावीच्या १४५ मुलांना दिलं आणि बरोबर उत्तर ७, ते एकानेही दिलं नाही. १२ नाहीतर १७. म्हणजे बरोबरचं चिन्ह मुलांना "आता उत्तर लिही" असं वाटतं, दोन बाजू समान आहेत असं वाटतच नाही. हे नुसतं सांगून जात नाही. पण ७ = ७ हे वाक्य खरं की खोटं, किंवा १२ = ८ + ४ असं उलटं लिहिलेलं चालेल का, यावर मुलांना भिडवलं की मनात दडलेली व्याख्या बाहेर येते, आणि बाहेर आली की तिच्यावर बोलता येतं.

१९९० च्या आसपास दोन अमेरिकन शिक्षिकांनी, ज्या संशोधकही होत्या, स्वतःच्या वर्गांची बारीक नोंद ठेवली. मॅग्डालीन लॅम्पर्ट यांच्या पाचवीच्या वर्गात ७ च्या पाचव्या घाताचा शेवटचा अंक कोणता यावर १, ७ आणि ९ अशी तीन उत्तरं आली, कुणीही पूर्ण गुणाकार न करता मुलांनी घातांकाचा अर्थ उकलून ७ वर आणलं. तिथे उत्तर बदलायचं असेल तर "मी माझा विचार सुधारतो" म्हणायची पद्धत होती, चुकलो म्हणायची नाही. डेबोरा बॉल यांच्या तिसरीत एका मुलाने जाहीर केलं की ६ सम पण आहे आणि विषम पण, कारण त्यात २ चे ३ गट आहेत आणि ३ विषम. दुसऱ्या मुलांनी त्याला व्याख्येवरून धरलं, मग १० पण तसाच होईल की! बाईंनी लगेच खोडलं नाही. २, ६, १०, १४ अशा संख्यांना वर्गात त्या मुलाच्याच नावाने ओळखायला लागले. बाईंनी तिथल्या तिथे निकाल द्यायला हवा होता का, यावर शिक्षक अजून दोन्ही बाजूंनी बोलतात.

धोरणात हे १९८९ च्या अमेरिकन गणित शिक्षक परिषदेच्या मानकांपासून आलं, आणि २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या सामाईक शालेय मानकांमध्ये, गणिती सवयींच्या ८ पैकी तिसरी सवयच अशी आहे की पटणारा युक्तिवाद मांडा आणि इतरांचा तपासा. कागदावर आलं की लगेच वर्गात येतं असं काही नाही, ते सोडा. पण याच काळात स्पीच आणि डिबेटच्या स्पर्धा घेणाऱ्या काही शिक्षकांनी तिथली रीत गणितात आणली. उभं राहायचं, "माझा दावा असा, माझं कारण असं" एवढ्याच साच्यात बोलायचं, पुढच्याने आधी मागच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं. प्रतिज्ञा आणि हेतू, आठवलं?

यात घोळ होतो तो विषय निवडताना. २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) वरून इंटरनेटवर जे रण पेटलं, १६ की १, ते वर्गासाठी अगदी वाईट उदाहरण. तो वाद संकेताचा आहे, क्रम कसा वाचायचा हे माणसांनी ठरवलंय आणि लिहिणाऱ्याने कंस नीट दिले नाहीत, त्यात शोधून काढण्यासारखं कारण नाही. तिथे जल्प होतो, वाद नाही. हात वर करून बहुमत मोजणं हा दुसरा घोळ.

चांगला विषय कसा असतो तर ३(क + २) = १२ हे सोडवायला आधी कंस सोडवणं चांगलं की आधी ३ ने भागणं चांगलं. उत्तर दोन्हीकडून २ च, त्यामुळे कुणी चुकायचं भय नाही, भांडण फक्त पद्धतीवर आणि "चांगलं" म्हणजे काय यावर. भागाकारवाले जोरात असतात, दोन पायऱ्यांत काम होतं म्हणून. मग शिक्षकाने काही न बोलता १२ पुसून तिथे १३ लिहायचे.